लोणावळ्याला कॅमेरा न्यायचा का? आधी घरातले हात मोजा

"सर, एक प्रश्न विचारू का? आजाराचा नाही."

रक्तदाब मोजून झाला होता, गोळी तीच चालू ठेवायची असं ठरलं होतं आणि समोरचे गृहस्थ उठायचं सोडून भिंतीकडे बघत होते. माझ्या दवाखान्यात भिंतीवर मी काढलेले चार-पाच फोटो लावलेले आहेत. त्यामुळे असे प्रश्न मला अधूनमधून येतात. (ओळख कळू नये म्हणून या कुटुंबाचे तपशील थोडे बदलले आहेत.)

त्यांनी नुकताच लेन्ससकट पावणेदोन लाखांचा कॅमेरा घेतला होता. हप्ते अजून चालू होते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दोन रात्रींसाठी तुंगार्लीत बंगला घेतला होता. बरोबर बायको, सहा वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि आई. आईंचे गुडघे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहेत. प्रश्न असा की, एवढ्या पावसात कॅमेरा खराब होईल का? न्यावा की घरीच ठेवावा?

मी म्हटलं, "तुमच्या घरात हात किती आहेत?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. पण हा हिशोब मी खरंच मांडतो, आणि कागदावर मांडतो. मोठी माणसं तीन, म्हणजे सहा हात. आईंचा एक हात काठीला आणि दुसरा कुणाच्या तरी दंडाला, म्हणजे ते दोन्ही वजा. राहिले नवरा-बायकोचे चार. त्यातला एक आईंना आधार द्यायला, एक मुलाला धरायला, एक मुलीला धरायला. उरला एक. त्यात छत्री, पाण्याची बाटली आणि ओल्या कपड्यांची पिशवी. कॅमेऱ्याला हात लागतात दोन.

"म्हणजे एक हात कमी पडतोय," ते म्हणाले.

एक हात कमी पडतो आणि दोन डोळेही. डोळ्यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथेच आपली सगळ्यात जास्त फसगत होते.

डोळे उघडे असतात, पण...

आपल्या दोन्ही डोळ्यांना मिळून आडवं साधारण १८० अंश दिसतं. सगळं स्पष्ट दिसत नाही, पण कडेला काही हललं की मेंदूला लगेच कळतं. मूल धावलं, कुणी घसरलं, तर मान वळायच्या आधीच आपण दचकतो. आता फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स लावा. त्यातून आडवं ४० अंशांच्या आसपास दिसतं. चेहऱ्यांसाठी लोक आवडीने घेतात ती ८५ मिमीची लेन्स लावली तर २४. एक डोळा व्ह्यूफाइंडरला आणि दुसरा मिटलेला असेल, तर १८० पैकी २४ अंशांवर तुम्ही कुटुंब सांभाळताय.

बरं, जे समोर आहे तेही दिसेलच असं नाही. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना बास्केटबॉलचा एक छोटा व्हिडिओ दाखवला आणि पांढऱ्या शर्टवाले खेळाडू किती वेळा चेंडू एकमेकांकडे देतात ते मोजायला सांगितलं. मधेच गोरिलाचा पोशाख घातलेलं एक माणूस त्या खेळाडूंमधून चालत गेलं, छाती बडवून गेलं. बघणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते दिसलंच नाही. डोळे त्यांचे चांगले होते, पण लक्ष मोजण्यात होतं. फोकस, शटर, उजेड, 'पिंकी, इकडे बघ' हे सगळं करणाऱ्या बाबांचं लक्षही असंच मोजण्यात असतं. त्यात हलगर्जीपणा नसतो. मेंदू असाच चालतो.

त्यात धबधब्याचा आवाज. मुलाने हाक मारली तरी ती पोचत नाही. शिवाय बुडणारं मूल हाक मारतच नाही. सिनेमात हात हलवून 'वाचवा, वाचवा' ओरडतात, तसं प्रत्यक्षात क्वचितच होतं. तोंड पाण्याच्या वर आलं की मूल श्वास घ्यायची धडपड करतं. ओरडायला श्वास शिल्लक नसतो, हात पाण्यावर दाबत राहतात. लांबून बघणाऱ्याला ते खेळल्यासारखं वाटतं, आणि मग काही सेकंदांत शांत होतं.

मावळातलं पाणी

पुण्यात वर्षभरात जो पाऊस पडतो, त्याच्या कित्येक पट लोणावळ्यात पडतो. चार हजार मिलिमीटर ही तिथे नवलाची गोष्ट नाही. डोंगर काळ्या कातळाचे, वर मातीचा थर पातळ. पडलेलं पाणी मुरायला जागाच नाही, ते उतारावरून सरळ खाली येतं. वरच्या पठारावर जोराची सर आली की खालचा ओढा काही मिनिटांत बदलतो, आणि तेव्हा तुमच्या डोक्यावर कदाचित नुसती भुरभुर असते. वेगाने वाहणारं पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलायला फार खोल असावं लागत नाही. पंधरा सेंटीमीटर, म्हणजे घोट्याच्या थोडं वर, तेवढंही पुरतं. मोठ्याच्या घोट्याच्या वर म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याच्या आसपास, हे लक्षात घ्या. वर शेवाळ.

३० जून २०२४ चा रविवार पुण्यातले लोक विसरलेले नाहीत. भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात हडपसर भागातल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एक बाई आणि चार मुलं. पाण्याच्या मध्यभागी एकमेकांना घट्ट धरून उभं असलेलं ते कुटुंब आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. ते फोटो काढत होते म्हणून असं झालं, असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांचा दोष दाखवायला मी हे लिहीत नाही. मला त्यातून एवढंच दिसलं की, एकमेकांना धरलेले एवढे हातसुद्धा त्या पाण्याला पुरले नाहीत. त्यानंतर प्रशासनाने मावळातल्या धोक्याच्या जागांवर बंदीचे आदेश काढले. त्यात पाण्यात उतरण्याबरोबर सेल्फी आणि रील काढण्यावरही बंदी होती.

पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, पुन्हा रविवारीच, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसकट कोसळला. चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. धोक्याचा फलक होता. पण नदीचं पाणी बघायची उत्तम जागा तीच होती आणि फोटोही तिथूनच चांगला येणार होता. चौकटीत नदी येते, पायाखालचा गंज येत नाही.

सेल्फीच्या नादात झालेल्या मृत्यूंवर आपल्या देशातल्या डॉक्टरांनी एक अभ्यास केला होता. तो २०१८ मध्ये जर्नल ऑफ फॅमिली मेडिसिन अँड प्रायमरी केअर या नियतकालिकात आला. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात जगभरच्या बातम्यांमधून त्यांनी १३७ घटना आणि २५९ मृत्यू शोधले. सगळ्यात जास्त भारतात, आणि कारणांत पहिला क्रमांक बुडण्याचा. बातम्यांतून गोळा केलेली माहिती आहे, त्यामुळे आकडा काटेकोर मानू नका. पण बुडणं पहिलं आलं याचं लोणावळ्याच्या पावसात भिजलेल्या कुणालाही आश्चर्य वाटणार नाही.

माझा हात

आता हे मी इतक्या ठामपणे का बोलतो, तेही सांगायला हवं.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्हीही असेच गेलो होतो. मळवलीकडून भाज्याच्या बाजूला रस्त्यालगत एक ओहळ लागतो. पाणी फार नव्हतं. मुलगी पाच वर्षांची. मी नवा कॅमेरा घेतलेला, तोही हप्त्यांवर. ती पाण्यात पाय बुडवून उभी, मी तिच्यापासून चार-पाच फुटांवर, दगडावर. ती घसरली. तिला धरायला मी पुढे झालो आणि मीही घसरलो.

घसरताना माझा उजवा हात वर गेला. कॅमेरा पाण्याच्या वर राहिला, एक थेंबही लागला नाही. मुलीला धरलं ते कणसं भाजणाऱ्या एका बाईंनी. त्या आमच्यापेक्षा लांब होत्या, पण त्यांचे हात मोकळे होते. मुलीला फक्त गुडघ्याला खरचटलं, दोन घोट पाणी गेलं, रडली आणि पंधरा मिनिटांनी कणीस खात बसली.

घरी येईपर्यंत बायको काही बोलली नाही. रात्री म्हणाली, "तुझा हात वर होता." बस, एवढंच.

मी त्यावर खूप विचार केला आहे. मुलीपेक्षा कॅमेरा मला प्रिय होता का? नाही. मला विचारायला एक सेकंद मिळाला असता तर मी कॅमेरा दरीत फेकला असता. पण तो सेकंद मिळत नाही. पडताना हात काय करतो हे आपण ठरवत नाही. तासभर मनात जे घोळत असतं, 'भिजायला नको, आपटायला नको, नवा आहे', ते ठरवतं. महाग वस्तू हातात असली की मन तिच्या राखणीला बसतं. मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचं दुःख माणसाला मोठं वाटतं, हे डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलं आहे. मला ते ओहळात कळलं.

याची दुसरी, अगदी साधी वैद्यकीय बाजूही आहे. घसरल्यावर माणूस आपोआप हात पुढे टेकवतो. त्यात मनगट मोडतं, ते वाईटच, पण मनगट प्लास्टरमध्ये जुळून येतं. दोन्ही हातांनी कॅमेरा छातीशी धरला असेल तर टेकायला हात नसतात. मग हनुवटी, दात, कपाळ किंवा डोक्याची मागची बाजू आपटते. दीड-दोन किलोचा कॅमेरा गळ्यात लटकत असेल तर उतारावर तोलही पुढे जातो. पावसाळ्यात गडावरून उतरताना कॅमेरा बॅगेत आणि बॅग पाठीवर, हे मी तरुण ट्रेकर्सनाही सांगतो.

मग फोटो काढायचेच नाहीत का?

काढायचे. इथे माझं मत काही वाचकांना पटणार नाही. 'क्षण जगा, फोटो नको' हा हल्ली लोकप्रिय झालेला उपदेश मला अर्धवट वाटतो. वडील गेल्यावर घरात त्यांचे किती कमी फोटो आहेत हे ज्यांना कळलंय, ते हा उपदेश करणार नाहीत. आणि अभ्यासही सरळ एका बाजूचे नाहीत. अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल यांना संग्रहालयात असं दिसलं की, ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला असेल तर आठवण तितकी कमी होत नव्हती. दुसऱ्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की फोटो काढणाऱ्यांना अनुभवाचा आनंद बऱ्याचदा जास्तच मिळतो, आणि पुढच्या वर्षी असंही की फोटो काढताना पाहिलेलं जास्त लक्षात राहतं, ऐकलेलं कमी. ऐकलेलं कमी! आजी गाडीत बसून खंडाळ्याच्या घाटाच्या जुन्या गोष्टी सांगत असेल, तर त्या वेळी कॅमेरा खाली ठेवावा, एवढं मी त्यातून घेतो.

आणि मोबाइल सुरक्षित, कॅमेरा धोक्याचा, असंही नाही. सेल्फी घेताना माणूस पाण्याकडे पाठ करून मागे सरकतो, त्यापेक्षा कॅमेरावाला बरा. काही जण तर कॅमेरा जपायचा म्हणून पाण्यात उतरतच नाहीत, काठावरून सगळ्यांवर नजर ठेवतात. असा काठावरचा माणूस प्रत्येक कुटुंबात एक हवाच. फक्त त्या वेळी त्याच्या डोळ्याला व्ह्यूफाइंडर नको.

म्हणून माझा नियम जागेनुसार बदलतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात कॅमेरा जरूर न्या. ते कातळातले उंच खांब आणि छताच्या मूळच्या लाकडी कमानी अंधारात मोबाइलला नीट जमत नाहीत. (पायऱ्या चढताना तो बॅगेतच. एकवीरेच्या गर्दीत गळ्यात नको.) बंगल्याच्या व्हरांड्यात, भजी तळताना, आईंचा चष्मा वाफेने धुरकटतो तेव्हा तर काढाच. पवनेच्या काठावर लांबून, मुलं गाडीत झोपलेली असताना, काढा. पण भुशीच्या पायऱ्या, कुठलाही ओढा, कुठलाही धबधबा, कड्याची धार, तिथे कॅमेरा खोलीवर. 'नेतो पण काढत नाही' ही पळवाट चालत नाही. बरोबर असला की तो बाहेर येतोच.

हात जास्त असतील, म्हणजे बरोबर मामा-मामी, मोठी भावंडं असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा एकच करा. हॉस्पिटलमध्ये एका नर्सची ड्युटी संपते तेव्हा ती नुसती निघून जात नाही. कुठला पेशंट कुणाकडे, हे तोंडाने सांगते आणि दुसरी 'हो' म्हणते. तसं म्हणा, "मी फोटो काढतोय, चिनू तुझ्याकडे." समोरून "हो, माझ्याकडे" आलं की मगच कॅमेरा डोळ्याला लावा. चार मोठी माणसं असूनही मूल हरवतं ते बहुतेक वेळा प्रत्येकाला दुसरा बघतोय असं वाटल्यामुळे.

आणि समजा कुणी पाण्यात सापडलंच, तर उडी मारू नका. ओढणी, काठी, दोरी, रिकामा कॅन, जे मिळेल ते फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं, गोल फिरवणं यातलं काहीही करू नका. त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. श्वास चालू नसेल तर उताणं झोपवा, कुणाला तरी १०८ किंवा ११२ लावायला सांगा आणि आधी तोंडाने दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा दाबा, पुन्हा २ श्वास, असं मदत येईपर्यंत. बुडालेल्या माणसाला प्राणवायूच कमी पडलेला असतो, म्हणून इथे श्वास आधी. शुद्धीवर आलेल्या मुलालाही डॉक्टरांना दाखवाच. खोकला थांबत नसेल, श्वास भरभर चालत असेल, मूल पेंगत असेल, तर 'आता बरा आहे' म्हणून घरी नेऊ नका.

कॅमेऱ्याचं खरं उत्तर राहिलंच. पावसाच्या सरीपेक्षा तिथली दमट हवा त्याला जास्त त्रास देते. एसी गाडीतून एकदम बाहेर काढला की लेन्सवर बाष्प धरतं, म्हणून झिपच्या पिशवीत ठेवून बाहेरच्या हवेशी जुळू द्यायचा. परत आल्यावर ओल्या बॅगेत तसाच ठेवला की लेन्सच्या आत बुरशी धरते. माझ्या एका लेन्सला धरली आहे. कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. आणि जाता जाता, जी बुरशी लेन्सला धरते तिचीच भावंडं महिनाभर बंद असलेल्या बंगल्याच्या गाद्यांमध्ये आणि भिंतींवर असतात. घरात कुणाला दमा असेल तर कॅमेऱ्याच्या बॅटरीआधी इन्हेलर भरा आणि पोचल्या पोचल्या खिडक्या उघडा.

ते गृहस्थ ऑगस्टमध्ये पुन्हा रक्तदाब दाखवायला आले. कॅमेरा नेला होता. व्हरांड्यात आईंचे, कार्ल्याला मुलांचे, असे पुष्कळ फोटो होते. एक तिरका फोटो मुलीने काढलेला, त्यात ते स्वतः कणीस खाताना. त्यांचा स्वतःचा त्या सहलीतला तो एकमेव फोटो. भुशीला मात्र कॅमेरा कपाटात कुलूपबंद, एका हाताला मुलगा आणि दुसऱ्या हाताला मुलगी.

"पण सर, काय सांगू," ते म्हणाले, "नेमकं तेव्हाच दहा मिनिटं ऊन पडलं. असा लाइट वर्षात एकदा मिळतो."

मी त्यांची समजूत काढली नाही. तो लाइट मलाही माहीत आहे. रक्तदाब १३४/८६ होता, गोळी तीच.